घरचा मीडिया सर्व्हर: कायम चालू, मागणीनुसार जागा होणारा, की वेळापत्रकावर?

घरात जुना डेस्कटॉप पडून असतो. त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवायच्या, त्यातले व्हिडिओ घरच्या टीव्हीवर दाखवणारं जेलीफिन नाहीतर प्लेक्स हे सॉफ्टवेअर टाकायचं आणि लॅनची वायर राउटरला लावून द्यायची. बहुतेक घरांत मीडिया सर्व्हरची सुरुवात अशीच होते. आमच्या कोथरूडच्या घरातही तशीच झाली. आजोबांनी टेप केलेली कीर्तनं, ताईच्या लग्नाची व्हीएचएस, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, सगळं त्यात उतरवून घेतलं. पुढे विजेचं बिल वाढलं आणि प्रश्न पडला, की हा डबा चोवीस तास चालू ठेवायचा का? तुम्हीही याच प्रश्नाशी अडला असाल तर आमची आकडेमोड कामी येईल.

आधी मोजा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो आणा. आमचा डेस्कटॉप काहीही न करता, नुसता जागा असताना ४८ वॉट घेत होता. चोवीस तासांनी आणि तीस दिवसांनी गुणलं की महिन्याला जवळपास ३५ युनिट. चित्रपट चालू असताना आकडा ५८ वर जायचा, स्लीपमध्ये अडीचवर यायचा. यातली खरी मेख बिलाच्या टप्प्यांमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. सर्व्हरची युनिट घराच्या वापरावर चढतात, म्हणून ती तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने मोजायची, सरासरीने नाही. शिवाय वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क आहेच. मी पुढच्या हिशोबात सगळं मिळून युनिटला १२ रुपये धरले आहेत. तुम्ही आपल्या बिलावरचा आकडा घाला.

मागणीनुसार जागं करणं

कागदावर सगळ्यात आकर्षक हाच मार्ग. सर्व्हर स्लीपमध्ये, म्हणजे रॅम जिवंत आणि बाकी सगळं बंद. कुणाला काही बघायचं असेल तेव्हा नेटवर्कवरून मॅजिक पॅकेट पाठवायचं: सहा बाइट एफएफ आणि त्यापुढे सर्व्हरच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख-क्रमांक) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. कार्ड अर्धवट जागं असतं, ते पॅकेट ओळखतं आणि मशीन उठवतं. रोज पाच तास बघणं आणि एकोणीस तास झोप धरली तर महिन्याला दहा युनिट. पस्तीसवरून दहावर, म्हणजे ३०० रुपये वाचले.

हे बसवायला माझा एक आख्खा रविवार गेला. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ईआरपी नावाची वीजबचतीची सेटिंग चालू असेल तर लॅन कार्डाची वीजच तुटते, ती बंद करावी लागते. लिनक्सवर ईथटूल या कमांडने कार्डाला ‘जी’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि काही मशीनवर तो दर बूटला पुन्हा द्यावा लागतो. विंडोजवर फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू व्हायची सोय बंद केल्याशिवाय शटडाउन केलेलं मशीन नेटवर्कवरून उठेल याचा भरवसा नाही. आणि हे सगळं वायरने जोडलेल्या मशीनसाठी; वायफायवर याच्या नादी लागू नका.

एवढं करूनही गाडी अडली ती टीव्हीपाशी. संध्याकाळी आईने रिमोट घेतला, ॲप उघडलं, आणि पडद्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’. टीव्हीवरचं ॲप मॅजिक पॅकेट पाठवतच नाही. कोडी नावाच्या ॲपमध्ये सर्व्हर उठवायची सोय आहे, पण आईला सवय दुसऱ्या ॲपची. मग तिच्या मोबाइलवर एक बटण करून दिलं: आधी ते दाबायचं, पंधरा सेकंद थांबायचं, मग टीव्ही. दोन दिवस तिने तसं केलं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना फोन आला, “अरे, ते तुझं बटण दाबलं, काही होत नाहीये. जाऊ दे, मी रेडिओ लावते.” ज्या माणसांसाठी सर्व्हर उभा केला, त्यांनीच त्याचा नाद सोडला तर वाचलेल्या तीनशे रुपयांचं काय करायचं?

उलटी अडचणही येते. लिनक्स डेस्कटॉप कीबोर्ड आणि माउस हलतोय का यावरून ‘वापर’ ठरवतो. नेटवर्कवरून कुणी सिनेमा बघतंय हे त्याच्या हिशोबात येत नाही, आणि ऐन रंगात आलेला सिनेमा थांबतो. उपाय म्हणजे झोपण्याआधी जेलीफिनला ‘कुणी बघतंय का’ असं विचारणारी छोटी स्क्रिप्ट, किंवा सिस्टमडी-इनहिबिट या कमांडने झोप अडवणं. विंडोजवर मशीन झोपतच नसेल तर पॉवरसीएफजीची रिक्वेस्ट्स कमांड कोण अडवतंय ते सांगते, आणि लास्टवेक रात्री कोणी उठवलं ते सांगते.

वेळापत्रक

घरातली माणसं टीव्ही साधारण ठरलेल्या वेळीच लावतात. आम्ही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा एवढा वेळ सर्व्हर जागा ठेवून पाहिला. लिनक्सवर आरटीसीवेक कमांडने झोपवतानाच उठायची वेळ सांगता येते. विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये कामासाठी संगणक उठवायचा पर्याय आहे, फक्त पॉवर प्लॅनमध्ये वेक टायमरना परवानगी द्यावी लागते. रोज साडेआठ तास जाग, बाकी झोप: महिन्याला साडेतेरा युनिटच्या आसपास. शनिवार-रविवारी दिवसभर चालू ठेवला तर आणखी सव्वातीन.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. मागणीनुसार दहा युनिट, वेळापत्रकावर शनिवार-रविवार धरून सतरा. फरक सात युनिटचा, महिन्याला ८४ रुपये. त्या बदल्यात आईला कुठलंही बटण दाबावं लागत नाही, टीव्ही लावला की यादी समोर. माझ्या मते जुना डेस्कटॉप असेल तर डोळे झाकून वेळापत्रक घ्यावं. मॅजिक पॅकेट हवं तर जोडीला ठेवा, अवेळी तुम्हाला स्वतःला काही बघायचं असेल तेव्हासाठी. लायब्ररीचं स्कॅन (सर्व्हरने नव्या फाइली शोधणं) आणि फोटोंचा बॅकअप मात्र जागेपणीच्या वेळेत आणून ठेवा, नाहीतर रात्री तीनला लावलेली कामं कधीच होणार नाहीत.

कायम चालू, पण हलक्या मशीनवर

इंटेल एन१०० सारखा प्रोसेसर असलेला मिनी पीसी निवांत असताना ६ ते १० वॉट घेतो. आठ धरले तर महिनाभर अखंड चालून पावणेसहा युनिट. सोबतची मोठी हार्ड डिस्क सतत फिरत राहिली तर आणखी साडेतीन. म्हणजे रात्रंदिवस जागा असलेला मिनी पीसी हा दिवसातले एकोणीस तास झोपवलेल्या डेस्कटॉपपेक्षा कमीच वीज घेतो. हे गणित मी आधी मांडलं असतं तर तो रविवार वाचला असता. नवीन मशीन घ्यायची ऐपत आणि तयारी असेल तर स्लीपच्या सेटिंगवर डोकं खपवू नका. मिनी पीसी कायम चालू ठेवा आणि फक्त डिस्क झोपवा.

डिस्क झोपवताना हात आखडता ठेवा. लिनक्सच्या एचडीपार्म कमांडच्या एस पर्यायात १२० म्हणजे दहा मिनिटं आणि २४१ म्हणजे अर्धा तास. मी अर्धा तासच ठेवतो. डिस्क दर दहा मिनिटांनी झोपून उठत राहिली तर वर्षाला ५२,५६० फेऱ्या होतात, आणि घरगुती डिस्कची हेड (वाचणारा भाग) पार्क करायची, म्हणजे बाजूला नेऊन ठेवायची क्षमता सहसा ३ ते ६ लाख फेऱ्यांची सांगितलेली असते. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड चालवून १९३ क्रमांकाचा लोड सायकल काउंट आठवड्याच्या अंतराने दोनदा लिहून ठेवा, डिस्क उगाच उठबस करतेय का ते लगेच कळतं. झोपलेली डिस्क फिरायला आठ-दहा सेकंद घेते, तेवढं घरच्यांना आधी सांगून ठेवलं की पुरे.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला स्लीप नाहीच, तो कायम चालूच ठेवायचा. तीन-चार वॉटमध्ये गाणी आणि फोटोंना उत्तम, पण व्हिडिओचं रूपांतर करायची वेळ आली की दमतो. जुना लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर झोपू नये ही सेटिंग करा, बॅटरीचं चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा आणि ती फुगत नाही ना ते अधूनमधून बघा.

वीज गेली तर

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणं नवीन नाही, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की ती न सांगताही जाते. स्लीपमधल्या मशीनची रॅम विजेवरच तग धरून असते; वीज गेली की ती झोप संपली. परत वीज आल्यावर मशीन बंदच राहतं, आणि काही मदरबोर्डांवर एकदा नीट चालू झाल्याशिवाय मॅजिक पॅकेटही चालत नाही. म्हणून तिन्हींपैकी कुठलाही मार्ग घ्या, बायोसमध्ये वीज आल्यावर ‘पॉवर ऑन’ हे आधी करा. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. राउटरही त्याच लाइनवर घ्या, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद.

निर्णय घेण्याआधी आणखी एक काम करा. आठवडाभर टीव्हीजवळ वही ठेवा आणि कोणी किती वाजता काय लावलं ते लिहा. आम्ही वेळापत्रक अंदाजाने आखलं होतं, सकाळ आणि संध्याकाळ. वहीत मात्र आजीच्या अक्षरात रोज एक ओळ होती: ‘२.३० – कीर्तन – लागलं नाही’. ती कुणाला बोलली नव्हती. आता सर्व्हर दुपारी सव्वादोनला उठतो आणि पावणेचारला झोपतो. महिन्याला दोन युनिट जास्त जातात.