नव्या ग्राहकाची ऑफर घ्यावी की जुन्याच ब्रॉडबँडवर राहावं?

सोसायटीच्या गेटवर छत्री लावून बसलेला मुलगा ‘सहा महिने फक्त ५९९’ म्हणतो आणि आपण घरात दरमहा ७९९ भरत असतो. वर्षानुवर्षं वेळेवर बिल भरणाऱ्याला काही नाही आणि काल आलेल्याला पायघड्या! राग येणारच. पण जुनं गिऱ्हाईक सहसा हलत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

आधी आकडेमोड करू. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, जाहिरातीत तो बारीक अक्षरांत असतो. ७९९चा प्लॅन वर्षाला पडतो ११,३१४ रुपयांना. सहा महिने ५९९ आणि पुढे ७९९ धरले तर ९,८९८. वाचले १,४१६. त्यातून इन्स्टॉलेशनचे हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी गेला की उरतात २३६. दुसऱ्या वर्षी फरक शून्य! त्यामुळे इन्स्टॉलेशन आणि राउटर खरोखर फुकट असतील तरच पुढे बोला. ते फुकट देताना बहुतेकदा सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम मागतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूंनी तर वर्षाच्या प्लॅनच्या वाटेलाच जाऊ नये.

जुन्या ग्राहकाचा खरा तोटा वेगळाच आहे. दरपत्रक बदलतं, तेवढ्याच पैशांत जास्त स्पीड मिळू लागतो, पण आपला प्लॅन आपोआप बदलेलच असं नाही. ॲपमधला आपला प्लॅन आणि वेबसाइटवरचे आजचे दर शेजारी ठेवून बघा. कित्येकदा काम तिथेच होतं. नाहीतर कस्टमर केअरला फोन करून ‘कनेक्शन बंद करायचंय’ म्हणा. ‘काही कमी करा ना’ म्हटलं की गोड बोलून वाटेला लावतात. बंद करायचं म्हटलं की फोन बहुधा दुसऱ्या टीमकडे जातो आणि सवलत द्यायची मुभा असते ती त्यांच्याकडे. कबूल केलेला दर आणि त्याची मुदत मेलवर मागून घ्या. पुण्याच्या पेठांमध्ये लोकल केबलवाल्याकडून नेट असेल, तर हे सगळं जिन्यात उभ्या उभ्या पाच मिनिटांत उरकतं.

दरापेक्षा मी गुरुवारला जास्त मान देईन. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच. फायबर थेट घरात आलेलं असेल तर इन्व्हर्टरवर राउटर चालतो आणि नेटही. पण फायबर बिल्डिंगमधल्या स्विचपर्यंतच, म्हणजे घरोघरी नेट वाटणाऱ्या डब्यापर्यंतच असेल आणि पुढे साधी लॅन केबल ओढलेली असेल, तर त्या स्विचला बॅटरी नसली की तुमचा इन्व्हर्टर असून नसून सारखाच. घरून काम करणाऱ्याने गेटवरच्या त्या मुलाला हे विचारावं. त्याला सांगता आलं नाही तर आपल्याच बिल्डिंगमधल्या एखाद्या काकांना विचारावं, त्यांना नक्की माहीत असतं.

नेट नीट चालत असेल तर माझं मत जुन्याच्याच बाजूने, घासाघीस करून. महिन्यातून दोन-तीनदा तक्रार नोंदवावी लागत असेल तर मात्र २३६ रुपयांचाही विचार करू नका, बदलून टाका. जुनं तोडण्याआधी आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. राउटर परत देताना पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट अडकतं. आणि नव्या वायफायला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या; टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे पुन्हा जोडत बसावं लागत नाही.