एका सीटसाठी: हार्ड अ‍ॅनोडायझिंग की लेसर?

रबाळे एमआयडीसीत आमच्याकडे एलएम 25 ची, म्हणजे ओतकामाच्या एका अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची, कास्टिंग बॉडी मशीनिंगला येते. तिची घासली जाते ती फक्त वरची गोल सीट. ती कडक करायला आम्ही बरीच वर्षं हार्ड अ‍ॅनोडायझिंग केलं, म्हणजे बॉडी अ‍ॅसिडमध्ये बुडवून विजेने तिच्यावर कडक ऑक्साइडचा थर वाढवला. गेलं दीड वर्ष लेसर करतोय, म्हणजे लेसरने सीटचा वरचा थर वितळवतोय.

कडकपणात अ‍ॅनोडायझिंगच सरस, त्यात वाद नाही. दरही कमी. 6061 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा जॉब असेल आणि सगळीकडून गंजरोधक थर हवा असेल, तर दुसरीकडे बघूही नका. पण एलएम 25 मध्ये सुमारे 7 टक्के सिलिकॉन. सिलिकॉनच्या कणांवर ऑक्साइड धड चढत नाही, थर करडा आणि डागाळ येतो.

तेही चाललं असतं. मला खरा वैताग आला तो मास्किंगचा. 50 मायक्रॉनच्या थरातला जवळपास निम्मा बाहेरच्या बाजूला वाढतो, म्हणून आटे आणि बेअरिंगचा बोअर झाकावेच लागतात. प्रत्येक बॉडीला आठ टॅप, म्हणजे आटे पाडलेली भोकं, आठही आरपार नसलेली. एखादा प्लग जरा सैल बसला की आत अ‍ॅसिड राहतं. धुतलेली, पुसलेली बॉडी पॅक करून पाठवायची आणि आठवड्याने ग्राहकाने फोटो पाठवायचा: बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी. एका सीटसाठी अख्खी बॉडी अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, हे मला पटेनासं झालं.

लेसर फक्त सीटवर फिरतो. वितळलेला थर लगेच गोठतो, सिलिकॉन बारीक होतं. वितळलेल्या थरात निकेलची पावडर टाकली तर थर आणखी कडक होतो, अति झाली तर तडकतो. कडक थर अर्धा मिलिमीटर खोल, खालच्या धातूशी एकजीव. पातळ ऑक्साइड मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ठोक बसला की अंड्याच्या कवचासारखं फुटतं, तसं इथे आमच्या अनुभवात झालेलं नाही.

त्रास इथेही आहेत. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम बराचसा प्रकाश परत फेकतं, म्हणून आधी सँडब्लास्ट लागतो. नंतर सीट पुन्हा फेस करावी, म्हणजे मशीनवर सपाट कापावी लागते. जुलैत पावडर दमट झाली की थरात हायड्रोजनची भोकं दिसतात. आम्ही पावडर ओव्हनमध्ये सुकवूनच वापरायला देतो. आणि प्रेशर डाय कास्टिंग, म्हणजे दाबाने साच्यात भरलेलं ओतकाम, असेल तर आधी एक नग कापून बघा. आत कोंडलेली हवा लेसरखाली फुगून वर येते, तिथे मीही अ‍ॅनोडायझिंगच करेन.