तलावाकाठची केबिन: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

केबिन चांगली आहे, कॉलनी त्रासाची आहे आणि तलाव आपला नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही काढून झाल्यावर माझं मत एवढंच. पुढचं वाचायचं असेल तर चहा घेऊन बसा, भांडणं बरीच आहेत.

इंदूरहून तासा-सव्वा तासावर तलावाला लागून असलेली ही वीकेंड केबिनची कॉलनी. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की कॉलनायझर, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, ओळखू येईल आणि शेजारीसुद्धा. आम्ही मूळचे रामबागेतले, आता सुदामानगरच्या बाजूला राहतो. घरासमोर मॅरेज गार्डन. लग्नाच्या सीझनमध्ये वरातीचा डीजे, बाकी वर्षभर वाढदिवस. त्याला कंटाळून शहराबाहेर जागा घेतली, तर डीजे आमच्या आधीच तिथे पोचलेला होता.

आधी वस्तूबद्दल. लोखंडी सांगाडा, पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, वर पत्रा, पुढे लाकडी डेक. माळव्यातल्या मे महिन्यात दुपारी पंख्यावर बसता येतं, यावरून पॅनेलची किंमत वसूल झाली असं समजा. डेकला मात्र पावसाळ्याआधी आणि नंतर तेल पाजावंच लागतं, नाहीतर फळ्या वाकतात आणि स्क्रू वर येतात. आमच्या डाव्या हाताच्या काकांनी तेल पाजलं नाही, त्यांच्या डेकवर आता अनवाणी चालता येत नाही. पत्र्यावर पाऊस पडला की आत बोलणं ऐकू येत नाही, पण त्याची तक्रार नाही. बेडकांचीही नाही. जुलैत रात्री बेडूक इतके ओरडतात की पाहुणे दचकून उठतात, आम्ही घोरत असतो.

एक गोष्ट विकणारा सांगत नाही. पफ पॅनेल उष्णता अडवतं, आवाज अडवत नाही. आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं. वीट, काँक्रीट, निदान सिमेंट बोर्डाचे दोन थर. पॅनेलचं वजन नगण्य, त्यामुळे गाण्याचे शब्द थोडे दबतात पण ढोलकीचा आणि बासचा ठोका सरळ आत येतो. ‘इन्सुलेटेड केबिन’ असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं, ते खोटं नाही. ते आवाजाबद्दल आहे असं फक्त आपण धरून चालतो.

आता मुख्य त्रास. आमच्या केबिनसमोर पाण्याचा एक पट्टा आत आलेला आहे. त्याच्या पलीकडच्या काठावरची एक केबिन मालक भाड्याने देतो. दर शनिवारी नवी टोळी. मालक वागायला भला माणूस, भेटला की आधी नमस्कार करतो. त्याने स्पीकरची तोंडं पाण्याकडे करून ठेवली होती, कारण त्या बाजूला ‘कोई रहता ही नहीं, भिया’. राहतो आम्ही, पाण्याच्या या बाजूला.

पाण्यावरून आवाज लांब जातो हे सगळे म्हणतात, पण का ते समजल्यावर उपाय सुचतो. पाण्याचा पृष्ठभाग कडक आणि सपाट, तो आवाज शोषत नाही, परतवतो. मध्ये झाडं नाहीत, भिंती नाहीत. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची ऊबदार अशी स्थिती झाली की वर निघालेला आवाजही वाकून खाली येतो. म्हणून दुपारी जे गाणं पलीकडे कुणीतरी लावलंय इतपतच कळतं, तेच रात्री आमच्या डेकवर लावल्यासारखं वाटतं. त्यात स्पीकर पोकळ लाकडी डेकवर ठेवलेला. डेक म्हणजे मोठा ढोलच, खालची पोकळी बासला आणखी फुगवते.

मी मोबाईलवर डेसिबलचं ॲप टाकलं. खिडकीची काच थरथरत होती आणि ॲप पन्नाशीच्या आसपासचा आकडा दाखवत होतं. ॲप बिघडलं नव्हतं. कायद्यात वापरतात ते माप डीबी (ए), आणि या ‘ए’ मापात खालच्या सुरांना फार कमी धरतात. 63 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमक्या डीजेच्या ठोक्यापाशी, जवळजवळ 26 डेसिबल वजा होतात. मोबाईलचा माइकही तिथे कमजोर. म्हणजे ज्याने झोप जाते ते आकड्यात येतच नाही. ॲपचा स्क्रीनशॉट घेऊन भांडायला जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. व्यापारी भागात 65 आणि 55. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण हे आकडे चार प्रकारच्या भागांसाठी आहेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. त्यात शेत नाही. आमच्या कॉलनीत निम्म्या प्लॉटचं डायव्हर्शन (शेतजमिनीचा बिगरशेती वापर करून घेणं) झालेलं नाही, कागदावर ती शेतजमीनच. मग तिथे कोणता आकडा लावायचा यावरच तासभर वाद घालता येतो, आणि आमच्या ग्रुपवर तो घातला गेला.

म्हणून सल्ला असा की आकडा सोडा, घड्याळ धरा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर बंद, मग तो भाग कुठलाही असो. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागांना सूट आहे, उघड्या डेकला नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, तीही वर्षातून पंधराच दिवस. मध्य प्रदेशचा स्वतःचा 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे तो वेगळाच. ‘दहा वाजून गेलेत, उघड्यावर स्पीकर चालू आहे’ एवढं एक वाक्य ठाण्यात फोनवर पुरतं, डेसिबलची गोष्ट सांगायला गेलात तर ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. आम्ही दोनदा फोन केला, दोन्ही वेळा माणसं आली, स्पीकर बंद झाला. पण पुढच्या शनिवारी पाहुणे नवे. त्यांना मागच्या शनिवारचं काय माहीत?

खरा फरक पडला तो मालकाशी बसून बोलल्यावर. सकाळी पोहे-जलेबी घेऊन गेलो, सौभाग्यवती बरोबर होती म्हणून आवाज चढला नाही. त्याला पाण्यापलीकडे आमच्याकडे आणून बसवलं आणि त्याच्याच माणसाला तिकडे गाणं लावायला सांगितलं. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘इतना?’ त्यानंतर तीन गोष्टी झाल्या. सब-वूफर डेकवरून खाली जमिनीवर आला, खाली रबरी चटई, तोंड आतल्या बाजूला. डेकवरच्या प्लगांना वेगळा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बसवला, दहाला चौकीदार तो पाडतो. मग पाहुणे बॅटरीवरचे पार्टी स्पीकर आणायला लागले, तेव्हा त्याने बुकिंगला डिपॉझिट सुरू केलं. डिपॉझिटने जे काम केलं ते एमसीबीनेही केलं नाही. पूर्ण शांतता नाही, पण साडेदहाला झोप लागते.

जनरेटरचं प्रकरण लवकर मिटलं. कॉलनायझरने सायलेंट म्हणून घेतलेला जनसेट आमच्या गेटजवळ होता. अशा संचाला कवचापासून एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे आणि त्यावर तशी पट्टी असावी लागते. आमच्या जनसेटवर नव्हती. विचारलं, तर महिनाभरात मशीन बदललं आणि लांब सरकवलं.

आता रस्ता. हा वाद आवाजापेक्षा मोठा आहे आणि अजून मिटलेला नाही. नकाशावर हिरव्या रंगात ‘लेक ॲक्सेस’ अशी पट्टी दाखवली होती. त्यावरून पाण्यापर्यंत फिरायला जायचो. दिवाळीनंतर एका सकाळी तिथे काटेरी तार. सरकारी भूलेख पोर्टलवर खसरा (आपल्या सातबाऱ्यासारखी जमिनीची नोंद) काढला तर ती पट्टी शेजारच्या शेतकऱ्याच्या नावावर, कॉलनीच्या रकब्यात (क्षेत्रफळात) नाहीच. कॉलनायझरने त्याच्याकडून तोंडी परवानगी घेतली होती. तोंडी परवानगी म्हणजे परवाना, आणि 1882 च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे असा परवाना देणारा बहुतेक वेळा परत घेऊ शकतो. वहिवाटीचा हक्क म्हणाल तर वीस वर्षं सलग, उघडपणे, हक्काने वापर लागतो, सरकारी जमिनीवर तीस. आमची कॉलनी आहे कालपरवाची. आमच्यापैकी एका वकील काकांनी भू-राजस्व संहितेच्या कलम 131 खाली तहसीलदाराकडे जाऊ असं सुचवलं. ते कलम आहे शेतकऱ्याला शेतापर्यंत किंवा पाण्यापर्यंत पोचण्याच्या वाटेसाठी. शनिवारी चहाचा कप घेऊन सूर्यास्त बघणाऱ्यासाठी नाही, असं मी म्हणालो आणि ग्रुपवर मला कुणीतरी ‘त्यांचा माणूस’ म्हटलं.

म्हटलं तर म्हटलं. त्या शेतकऱ्याची बाजू मला पटते. पाणी उतरलं की तो काठाच्या ओल्या मातीत भाजी लावतो, त्याचे वडीलही लावत. शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची येते, तेव्हाच मोटर चालवणार. तिच्या आवाजाची तक्रार आमच्यातल्याच दोघांनी केली, ज्यांच्याकडे शनिवारी स्पीकर असतो. त्याने तार लावली ती त्यानंतर. त्या दोघांनी तोंड आवरलं असतं तर तार लागली नसती असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. सध्या तो महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन वाट उघडी ठेवायला तयार आहे. लेखी, रजिस्टर्ड करार करा, पुढच्या मालकांवरही बंधनकारक ठेवा, असं मी म्हणतो. निम्मे लोक पैसे द्यायला तयार नाहीत, कारण ‘आपण व्ह्यूचे पैसे दिलेत’. व्ह्यूचे दिलेत, वाटेचे नाही.

पाण्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेची गोष्ट आणखी वेगळी. त्या लोकांनी जादा दर दिला आणि त्यांचे डेक पाण्याच्या अंगावर गेलेत. इंदूरजवळचे यशवंत सागर आणि सिरपूर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. अशा पाणथळ जागांना 2017 चे नियम लागतात: आधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, बोटीचा धक्का सोडून. 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तेव्हा या गोष्टींकडे नजर वाढणारच. आमचा तलाव त्या यादीत नाही, पण पाटबंधाऱ्याची हद्द आहेच. पहिल्या रांगेतल्या एकाने सीमांकनाचा अर्ज दिला, मशीन लावून मोजणी झाली, आणि त्याच्याच डेकची कडा सरकारी खुणेच्या पलीकडे निघाली. आता तो अर्ज कशाला दिला म्हणून घरात बोलणी खातोय.

कॉलनीचे नियम? ब्रोशरमध्ये छापलेले ‘कम्युनिटी रूल्स’ कुणालाच बांधत नाहीत. खरेदीखतात लिहिलेली अट बांधते, आणि ती माहीत असताना ज्याने पुढे विकत घेतलं त्यालाही, तेही ती अट जमिनीच्या वापरावर मर्यादा घालणारी असेल तर. आमच्या खतात भाड्याने देण्याबद्दल, स्पीकरबद्दल एक ओळ नाही. कॉलनी रेरात, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेली नाही. फार्म प्लॉट आहेत, गरज नाही, असं सांगितलं गेलं. कायद्यात नोंदणीतून सूट आहे ती 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत युनिटच्या प्रकल्पाला. आमचे प्लॉट त्यापेक्षा कितीतरी जास्त. हे प्रकरण आता वकील काकांकडे आहे.

केबिनला पाचपैकी चार, कॉलनायझरला एक, शेजाऱ्यांना सरासरी अडीच. विकणार नाही. सौभाग्यवतीने मागे कढीपत्ता आणि लिंबू लावलंय आणि नातवंडांना शहरात परत यायचं नसतं.

याच कॉलनीत सध्या काही केबिन विकायला आहेत. घ्यायची असेल तर पहिली रांग सोडून दुसरी बघा आणि आधी प्रत्येक पट्टीचा खसरा काढा, वाटेचाही. कॉलनायझरचा माणूस दाखवायला मंगळवारी सकाळी नेतो. तुम्ही शनिवारी रात्री अकराला, त्याला न सांगता, पलीकडच्या काठावर गाडी लावा.