तयार अकाउंट घेताय? चावी विकणाऱ्याकडेच राहते

‘डब्ल्यू१६ इंजिन, १६९५ एचपी, क्रोम बॉडी, किंग रँक, ५० मिलियन कॅश. फुल ॲक्सेस. फक्त ७९९. आधी पैसे पाठवेल त्याचं.’ कार पार्किंग मल्टिप्लेअर हा फोनवरचा गेम खेळणाऱ्यांना अशा जाहिराती रोज दिसतात. या गेममध्ये इंजिन बदलता येतं, टर्बो, गिअरबॉक्स आणि एक्झॉस्ट बदलता येतात, सस्पेन्शन खाली घेता येतं, चाकांचा कोन तिरका करता येतो, वर स्वतःचं व्हायनल, म्हणजे स्टिकरसारखी नक्षी, चढवता येतं. शर्यतीला उभी राहील अशी गाडी घडवायला मात्र आठवडे जातात. तेवढा धीर नसलेला मुलगा वडिलांच्या फोनवरून ७९९ रुपये पाठवतो, आणि आठवडाभरात अकाउंटही जातं, पैसेही जातात. हे नेमकं कसं घडतं ते तपशिलात माहीत असायला हवं, कारण ‘ऑनलाइन काही घेऊ नकोस’ एवढं सांगून कुणीच थांबत नाही.

बोलणं बहुधा असं चालतं:

‘दादा, लीगल आहे ना?’
‘भावा, व्हाउच बघ. दोनशे डील केल्यात.’
‘जीमेल पण मिळेल?’
‘जीमेल, पासवर्ड, सगळं. फुल ॲक्सेस.’

व्हाउच म्हणजे आधी घेतलेल्यांनी लिहून दिलेली शिफारस. पण सगळा डाव ‘फुल ॲक्सेस’ या शब्दांत आहे. घेणाऱ्याला वाटतं, ईमेल मिळाला, पासवर्ड बदलला की अकाउंट आपलं झालं. पण जीमेल खातं कोणाचं, हे गूगल फक्त पासवर्डवरून ठरवत नाही. रिकव्हरी नंबर, रिकव्हरी ईमेल, पूर्वी वापरलेला फोन, नेहमीचं ठिकाण हे सगळं विचारात घेतलं जातं. आणि यातला कळीचा नियम असा, की तुम्ही रिकव्हरी नंबर किंवा ईमेल बदललात तरी पुढचे ७ दिवस गूगल जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. ही सोय खातं चोरीला गेलेल्या खऱ्या मालकासाठी ठेवलेली आहे. विकणारा तीच सोय तुमच्याविरुद्ध वापरतो. पैसे आले की तो दोन-तीन दिवस शांत बसतो, तुमच्याकडून ‘अकाउंट भारी आहे’ असा व्हाउचही लिहून घेतो, आणि मग एका रात्री स्वतःच्या जुन्या फोनवरून ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो. सकाळी तुमच्याकडे ‘चुकीचा पासवर्ड’ येतो. तेच अकाउंट त्याच संध्याकाळी दुसऱ्याला विकलं जातं, आणि तुमचा व्हाउच त्या दुसऱ्याला दाखवला जातो. या धंद्यात याला पुलबॅक म्हणतात.

रिकव्हरी बदलूनही मागची दारं उघडी राहतात ती वेगळीच. विकण्याआधी डाउनलोड करून ठेवलेले बॅकअप कोड, खात्याला जोडलेली पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने आत शिरायची सोय), लॉगइन असलेला जुना टॅब्लेट. नवख्याला यातलं काहीच तपासायचं सुचत नाही.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर मुदती वेगळ्या आहेत, गोष्ट तीच आहे. फोर्झा होरायझन या शर्यतीच्या गेमसाठी घेतलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातली सगळी सुरक्षा-माहिती एकदम बदलली, तर बदल पक्का व्हायला ३० दिवस लागतात, आणि त्या काळात जुना मालक लॉगइन करून तो रद्द करू शकतो. स्टीम या पीसी गेमच्या दुकानात तर पहिल्या खरेदीची पावती किंवा सीडी-की दाखवून खातं परत मागता येतं, आणि ती पावती कायम विकणाऱ्याकडेच असते. तुम्ही कंपनीकडे दाद मागायला गेलात तर काय सांगणार? खातं विकणं-घेणं हेच स्टीमच्या करारात निषिद्ध आहे, आणि बहुतेक गेमच्या अटींतही. तुमची बाजू तिथे उभीच राहत नाही.

आता याहून गंभीर गोष्ट, जी फार कमी जण सांगतात. विकणाऱ्याने दिलेलं जीमेल खातं गेममध्ये लॉगइन करता यावं म्हणून मुलं ते फोनच्या सेटिंगमध्ये जोडतात. तसं करू नका. फोनमध्ये जोडलेल्या गूगल खात्यावरून हरवलेला फोन शोधायची, लॉक करायची आणि पूर्ण पुसून टाकायची सोय असते. खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्या हातात ती सोय. शिवाय सिंक चालू असेल तर तुम्ही नव्याने सेव्ह केलेले नंबर त्या खात्यात जाऊ शकतात. आयफोनवर दुसऱ्याचा ॲपल आयडी टाकला तर तो फोन ‘हरवला’ म्हणून लॉक करून वर पैसे मागितले जातात. ७९९ रुपयांच्या गाडीपायी तीस हजारांचा फोन अडकतो.

पुरावा म्हणून व्हिडिओ पाठवला जातो. गॅरेजमधून कॅमेरा फिरतो, बोनेट उघडतं, इंजिनाचे आकडे दिसतात. तो व्हिडिओ दुसऱ्याच कुणाचा असू शकतो आणि बहुधा असतोच. तो कापलेला आहे का, खेळाडूचं नाव कुठे झाकलंय का, हे बघाच, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘आत्ता लगेच गाडीच्या व्हायनलमध्ये माझं नाव लिहून दाखव’ असं म्हटलं की बरेच जण गायब होतात. जो लिहून दाखवतो त्याच्याकडे अकाउंट खरंच असतं, इतकंच कळतं. पुलबॅक करणाऱ्याकडेही ते खरंच असतं.

मधला माणूस, म्हणजे एमएम, हे दुसरं जाळं. ग्रुपवर नावाजलेल्या एमएमचा फोटो आणि नाव उचलून, युजरनेममध्ये एखादं अक्षर फिरवून नकली प्रोफाइल बनवलं जातं. इंग्रजी छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ टाकला तर फोनच्या पडद्यावर फरक दिसतसुद्धा नाही. त्या एमएमची लिंक विकणाराच तुम्हाला देतो, हीच मुख्य खूण. आणखी एक खूण पैसे पाठवताना दिसते: यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं येतं आणि ‘ते दादाचं खातं आहे’ असं उत्तर मिळतं. तिथेच थांबा.

अकाउंट न घेता गेममधल्या गेममध्ये फक्त गाडी घेतली तर धोका थोडा कमी, पण संपत नाही. गाड्यांची अदलाबदल गेममध्येच होते, रुपये मात्र बाहेरून जातात, आणि गेमला त्या रुपयांची काही माहिती नसते. ‘आधी पैसे, मग (गेममधल्या) रूममध्ये ये’ म्हणणारा रूममध्ये येत नाही. किंवा येतो तेव्हा तेच मॉडेल, तोच रंग, तेच व्हायनल असलेली दुसरी गाडी आणतो, जिच्यात इंजिन कंपनीचंच असतं. एकसारख्या दोन गाड्या बनवून ठेवणं त्याला अवघड नाही. दाखवलेली आणि दिलेली गाडी एकच आहे हे फक्त रंगावरून धरू नका.

जीटीए ऑनलाइनमध्ये ‘इतक्या रुपयांत गेममधले इतके मिलियन’ असा भाव फिरतो. तिथे एका खेळाडूने दुसऱ्याला हवी तेवढी रक्कम पाठवावी अशी सोयच नाही, कमाईतला वाटा काय तो देता येतो. म्हणजे गेममध्ये पैसे टाकून देणारा एकतर तुमचं लॉगइन मागणार, नाहीतर मॉड मेनू, म्हणजे गेममध्ये फेरफार करणारं चीट सॉफ्टवेअर, वापरणार. पहिल्यात अकाउंट जातं. दुसऱ्यात निलंबन येतं, आणि त्यासोबत पात्र, मालमत्ता, गाड्या सगळं शून्यावर आणलं जाऊ शकतं. पीसीवर सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय ही चीटविरोधी यंत्रणा बसलेली आहे.

फोर्झाच्या ट्यूनसाठी, म्हणजे गाडीच्या तयार सेटिंगसाठी, पैसे देणाऱ्यांचं तर खरंच वाईट वाटतं. फोर्झा होरायझन ५ मध्ये ट्यून आणि पेंट ९ आकडी शेअर कोडने फुकट मिळतात. ‘एस१ ९०० (गाडीचा वर्ग), ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) खास’ म्हणून दोनशे रुपयांना विकला जाणारा कोड गेममध्येच शोधला तर तसे डझनभर सापडतील. दुसऱ्याच्या ट्यूनमधले गिअर रेशो किंवा टायरचा दाब आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ती ‘खास’ आहे हे खोटं पचून जातं.

नीड फॉर स्पीड या शर्यतीच्या गेम-मालिकेच्या जुन्या चाहत्यांची दुखरी नस वेगळी आहे. २००५ चा मोस्ट वाँटेड, त्यातली ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर, हे सगळं फोनवर मिळावं असं कुणाला वाटणार नाही? पण २००५ चा तो खुल्या शहराचा गेम अँड्रॉइडसाठी कधी निघालाच नाही. मोस्ट वाँटेड नावाचा अँड्रॉइडवरचा अधिकृत गेम २०१२ चा, तो वेगळा. एम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्राचे गेम फोनवर चालवणाऱ्या ॲपवर) चालते ती बहुतेकदा पीएसपी या हातातल्या गेमयंत्राची ‘५-१-०’ नावाची आवृत्ती, तिच्यात शहरात मोकळं फिरताच येत नाही. त्यामुळे ‘मोस्ट वाँटेड २००५, ओरिजिनल एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल)’ असं लिहिलेली फाइल जे सांगते ते असूच शकत नाही. इन्स्टॉल केल्यावर तिने एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर ताबडतोब काढून टाका. शर्यतीच्या गेमला तुमचे मेसेज वाचायचं काहीही कारण नाही, ओटीपी चोरणाऱ्याला आहे. परवानगी देऊन झाली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

पैसे गेल्यानंतर दुसरा घाव बसतो. विकणारा म्हणतो, ‘चुकून झालं, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन कर.’ यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. नंतर एखादा ‘एथिकल हॅकर’ भेटतो, पाचशे घेऊन अकाउंट परत आणून देतो म्हणतो. तोही त्याच साखळीतला.

अकाउंट आधीच घेऊन बसला असाल तर आजच ते जीमेल फोनच्या सेटिंगमधून काढा, त्यात कार्ड जोडलेलं असेल तर तेही काढा, आणि त्या अकाउंटवर आणखी एक रुपयाही घालू नका.

फसवणूक झालीच असेल तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत ते गोठवता येतात, पुढे सरकले की माग काढणं कठीण होतं. सोबत यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आयडी तयार ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार करा. चॅट रागाने डिलीट करू नका. समोरचा स्वतःचे मेसेज पुसायच्या आत, वरपासून खालपर्यंत हळूहळू सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्याच्या प्रोफाइलचं पान आणि युजरनेम दिसेल असं. दुसऱ्याचं नाव लावून ऑनलाइन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे ‘एवढ्याशा रकमेची तक्रार कोण घेणार’ असं म्हणून बसू नका.

आईवडिलांना एक विनंती. पोरगं ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहतं, आणि पैसे पुढे सरकतात ते नेमके त्याच दोन दिवसांत. त्याने सांगितलं तर आधी १९३० लावा. बाकी बोलणं नंतर.