घाटकोपरच्या डोंगरावरील सामुदायिक शौचालय: रात्री उघडे राहते, हे महत्त्वाचे

घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरउतारावरील आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत मोरी असते, पण संडास नसतो; त्यामुळे येथील दुमजली सामुदायिक शौचालय कसे चालते, यावर बायकांचा अख्खा दिवस अवलंबून असतो. महापालिकेने बांधायचे आणि रहिवाशांच्या संस्थेने चालवायचे, ही पद्धत मुंबईत १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मलनिस्सारण प्रकल्पातील वस्ती स्वच्छता कार्यक्रमातून रुजली, आणि हे शौचालयही त्याच पद्धतीने चालते.

सर्वांत मोठी सोय म्हणजे कुटुंबाचा मासिक पास. तो दीडशे रुपयांना मिळतो. सुटे तीन रुपये देत गेल्यास पाच माणसांच्या घराला दिवसातून एकदाच जाण्याचे महिन्याला साडेचारशे होतात. जिथे दर खेपेला पैसे मोजावे लागतात, तिथे मुलांना नाल्यावर बसवले जाते आणि बायका पाणी पिणेच कमी करतात, हे मी जवळून पाहिले आहे.

आतली व्यवस्था चोख आहे. प्रत्येक दाराला आतून पक्की कडी, कपडे अडकवायला खुंटी, फरशीला नीट उतार. महिला विभागात झाकणाची कचरापेटी रोज रिकामी होते. देखभाल करणारे कुटुंब वरच्या मजल्यावर राहत असल्याने शौचालय रात्रभर उघडे असते आणि बाहेरचा दिवा जळत असतो. ही गोष्ट मला सर्वाधिक मोलाची वाटते. नैरोबीच्या किबेरा वस्तीत रात्री बाहेर पडणे धोक्याचे म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत शौच करून ती फेकण्याची पाळी लोकांवर येत राहिली. आपल्याकडेही शौचालयाला रात्री कुलूप लागले, की अंधारात आडोसा शोधणे बाईच्याच वाट्याला येते.

उणिवा आहेतच. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषानुसार ३५ पुरुषांमागे, परंतु २५ स्त्रियांमागे एक बैठक हवी. येथे दोन्ही बाजूंना बैठका सारख्याच असल्याने सकाळी सहा ते आठ महिलांची रांग जिन्यापर्यंत येते. उन्हाळ्यात पाण्याचा दाब कमी झाला, की टँकर येईपर्यंत घरून बादली न्यावी लागते. कराचीच्या ओरंगीत १९८० पासून रहिवाशांनी स्वखर्चाने गल्लोगल्ली गटारे टाकून घरोघरी शौचालये जोडली, ते मला आदर्श वाटते. पण आमच्या उतारावर, एवढ्याशा खोल्यांत, तूर्त सामुदायिक सोयीलाच पर्याय नाही.

एक नियम मात्र ताबडतोब बदलावा: पास फक्त खोलीमालकाच्या नावाने निघतो. भाडेकरूंना, म्हणजे वस्तीतल्या सर्वांत कमी कमावणाऱ्यांनाच, दर खेपेला सुटे पैसे द्यावे लागतात. संस्थेच्या पुढच्या सभेत भाडेकरूंच्या पासाचा ठराव मांडण्यासाठी आम्ही काही जणी सह्या गोळा करत आहोत. ज्यांच्याकडे पास आहे, त्यांनीही सही करावी.