समुद्रात न उतरलेल्या पुतण्याला मिळालेलं स्कुबा सर्टिफिकेट

माझ्या पुतण्याकडे ‘ओपन वॉटर डायव्हर’ असल्याचं सर्टिफिकेट आहे. १८ मीटर खोलीपर्यंत डाइव्ह करायला तो पात्र आहे, असं त्यावर छापलंय. पोरगा समुद्रात उतरलाच नाही. मालवणात बोटीवर बसून वेफर्स खाल्ले आणि घरी आला. त्या कागदासाठी आणि माझ्या मुलीच्या तशाच दुसऱ्या कागदासाठी आम्ही जळगावातल्या एका ‘अॅडव्हेंचर अकॅडमी’ला ३९,००० रुपये मोजले. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण रीत सगळी सांगतो, कारण त्याच रीतीने अजून पैसे गोळा होतायत.

मुलगी बीएस्सीला आहे, विषय प्राणिशास्त्र. पुढे समुद्री जीवांवर काम करायचं तिच्या डोक्यात बसलंय. माझी आई तिला म्हणते, "पोरी, समिंदरमा काय ठेयेल शे वं?" आता आपल्या खान्देशात पाणी म्हणजे तापी, गिरणा, हतनूरचं धरण, नाहीतर शेतातली विहीर. केळीचा भाव किंवा सोन्याचा कस विचारायला जळगावात दहा पावलांवर माणूस मिळतो. डायव्हिंगचा कोर्स खरा की खोटा, हे कोणाला विचारणार? या लोकांचा धंदा समुद्रापासून एवढ्या लांब चालतो तो याच भरवशावर. मालवणच्या जेट्टीवर उभं राहून हेच बोलले असते तर शेजारच्या बोटवाल्याने हसून घालवलं असतं.

एका शैक्षणिक मेळाव्यात त्यांचा स्टॉल होता. गळ्यात शिट्टी, टी-शर्टवर लाल झेंडा आणि त्यावर तिरपी पांढरी पट्टी. डायव्हर्सचा हा झेंडा खराच असतो, पाण्याखाली माणूस आहे एवढं सांगणारा. टी-शर्टवर तो कोणीही छापून घेऊ शकतं. मागे मोठं पोस्टर : ‘मालवण मरीन नॅशनल पार्क, इंटरनॅशनल स्कुबा लायसन्स, राहणं-जेवणासह १८,५००.’ गृहस्थ बोलायला गोड. "दादा, पुण्या-मुंबईची पोरं याचे दुप्पट मोजतात. आपल्या खान्देशची पोरं मागे का राहावीत, भो?" त्यावर माणशी १,००० ‘मरीन पार्क परमिट’चे वेगळे. पैसे एका खासगी माणसाच्या यूपीआयवर. पावती साध्या कागदावर, खाली शिक्का : ‘रजिस्ट्रेशन फी परत मिळणार नाही.’

पोस्टरमधलं पहिलं वाक्यच खोटं निघालं. मालवणला मरीन नॅशनल पार्क नाही. तिथे सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं. महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क आहे ते अंदमानात, वंडूरला, १९८३ पासून. पोस्टरवरचे प्रवाळाचे फोटो बहुतेक तिकडचे नाहीतर परदेशातले असावेत. त्या परमिटच्या २,००० रुपयांची सरकारी पावती आजपर्यंत मिळालेली नाही.

पहिली बॅच त्यांनी जुलैची लावली होती. मुलगी म्हणाली, पप्पा, पावसाळ्यात तिकडे सगळं बंद असतं. आणि असतंच. मे संपत आला की कोकण किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स थांबतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. फोन केला तर साहेब म्हणाले, "हो हो, आपण नोव्हेंबर करू, तुमच्यासाठी स्पेशल." लगेच ग्रुपवरून जुलैचं पोस्टर गायब.

आता खरा कोर्स कसा असतो तेवढं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला पूर्ण कोर्स. आधी थिअरी आणि परीक्षा. मग स्विमिंग पूल किंवा उथळ शांत पाण्यात सराव : मास्कमध्ये पाणी भरलं तर ते बाहेर कसं काढायचं, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाला पुरवणारं यंत्र, निसटला तर कसा शोधायचा, हवा संपली तर जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर वर कसं यायचं. २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून. त्यानंतर समुद्रात चार डाइव्ह, तेही एकाच दिवशी नाही. तीन-चार दिवस सहज जातात. पर्यटक करतात ती वेगळी गोष्ट. ती म्हणजे प्रशिक्षकाने धरून न्यायचं, मासे दाखवायचे, फोटो काढायचे, वर आणायचं. ती मजा स्वस्त असते आणि तिच्यात फसवणूक काही नाही, जोवर कोणी तिला कोर्स म्हणत नाही.

आमची ‘थिअरी’ म्हणजे मोबाइलवर आलेले दोन व्हिडिओ. ‘पूल ट्रेनिंग’ म्हणजे एका सकाळी छातीएवढ्या पाण्यात रांग लावून प्रत्येकाने रेग्युलेटरमधून दहा-पंधरा श्वास घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचा. रेग्युलेटर एकच, बादलीतल्या पाण्यात बुचकळून पुढे. पोहून दाखवा असं कोणी म्हटलं नाही. बॅचमधला एक मुलगा तर पाण्याची भीती वाटते म्हणून काठावरच बसला होता. त्यालाही ‘डन’ म्हणून टिक.

सांगितलं होतं की पुढचं ट्रेनिंग तारकर्लीच्या सरकारी केंद्रात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे हे खरं, म्हणून आमचा विश्वास बसला. आम्ही मंगला एक्सप्रेसने कोकण गाठलं, मी आणि मंडळीही बरोबर गेलो. तिथे पोचल्यावर अकॅडमीचा माणूस नाही. फोनवर सांगितलं, "जेट्टीवर जा, पोरगा भेटेल." सरकारी केंद्रात चौकशी केली तर आमच्यापैकी कोणाचंही नाव तिथे नव्हतं. जेट्टीवर एक बोटवाला कागद घेऊन ओरडत होता, "जळगाव पार्टी! जळगाव पार्टी!"

मुलीने त्याला विचारलं, आजचा पहिला डाइव्ह किती मीटरचा? तो गोंधळला. "ताई, तुमका कोर्स म्हणान कोणी सांगल्यान?" त्याला फोनवर फक्त माणसांचा आकडा आणि वेळ कळवली होती. माणशी त्याला किती मिळणार होते तेही त्याने लपवलं नाही : ७०० रुपये. म्हणजे १९,५०० मधले ७०० समुद्रापर्यंत पोचले. रूम आणि मासळीची थाळी धरली तरी बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

बोटीवर एका चिठ्ठीवर सही घेतली, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’. डायव्हिंगआधी एक आरोग्याचा फॉर्म असतो : दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन वगैरे. एकाला जरी ‘हो’ असेल तर डॉक्टरची परवानगी लागते. अकॅडमीने असा कागद कधी दाखवलाच नव्हता. माझ्या पुतण्याला लहानपणापासून दमा आहे. स्टॉलवरच विचारलं होतं, तर उत्तर मिळालं, "काही होत नाही, उलट छाती मोकळी होते."

वेटसूट चढवताना त्याच्या खिशातला इनहेलर फळीवर पडला. जो मुलगा त्याच्या पाठीवर टाकी बांधत होता, वय असेल बावीस-तेवीस, त्याने इनहेलर उचलला, बघितला आणि बांधलेले पट्टे एकेक करून परत सोडले. "तू नको जाव." पुतण्या हटून बसला, पैसे भरलेत म्हणाला. त्या मुलाने त्याला शांतपणे समजावलं : खाली श्वासात घेतलेली हवा वर येताना फुगते, आकसलेल्या नळीत ती अडकली तर फुप्फुस फाटतं. कारण खाली दाब जास्त असतो आणि वर येताना तो कमी होतो : १० मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट असतो आणि १८ मीटरवर जवळपास पावणेतीनपट. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या पोराने एक गिऱ्हाईक सोडलं आणि आमच्या घरावरचं संकट टळलं. मालवणच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना मी म्हणूनच थांबवतो. पैसे खाल्ले ते इथल्यांनी.

मुलगी उतरली. पायात फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंखे, नव्हते. डायव्हरने टाकीच्या वरच्या भागाला धरलेलं होतं, ती दोराला धरून. चार-पाच मीटर असेल. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची, ही खूण त्याने पाण्याबाहेरच नीट करून घेतली होती. पाणी हिरवट, हात लांब केला की बोटं अंधुक दिसतील असं. पावाचे तुकडे सोडले की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे गोळा व्हायचे. दहा-बारा मिनिटांत वर. तिला मजा आली, हे मी नाकारत नाही. "पण पप्पा, हे कोर्स नाही." संध्याकाळी अकॅडमीला फोन केला, तर "उरलेले डाइव्ह उद्या." दुसऱ्या दिवशी ‘हवा खराब’, आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी.

घरी आल्यावर ग्रुपवर व्हिडिओ आला, प्रत्येकाच्या नावाने वेगळा. मुलीचा लावला. सुरुवातीची वीस सेकंदं तिचीच, हिरवट पाणी, पावाचे तुकडे. मग एकदम निळंशार पाणी, समुद्रफुलाच्या झुपक्यात नारिंगी क्लाउनफिश, मागून एक कासव, आणि पाठमोरी पोहणारी ‘ती’. फक्त त्या बाईच्या पायात पिवळे फिन्स आणि अंगात आखूड बाह्यांचा सूट. पुतण्याचा व्हिडिओ तर पूर्णच निळा. तो बोटीवर होता तेव्हाचं एकही दृश्य नाही, पण शेवटी त्याचं नाव आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’. तेच कासव, त्याच कोनातून. सोबत दोन्ही सर्टिफिकेटं पीडीएफमध्ये. मुलीच्या आडनावात चूक, प्रशिक्षकाच्या जागी एक गिरगोट सही, नंबर कुठेच नाही.

हा कागद निरुपयोगी असता तर मी पैसे गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण तो चालला तर जास्त वाईट. चांगलं सेंटर सर्टिफिकेटवरचा नंबर ते देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघतं आणि माणसाला परत पाठवतं. निष्काळजी सेंटर कागद बघून पोराला खरंच १८ मीटरवर घेऊन जाईल, आणि त्या पोराला मास्कमधलं पाणी काढता येत नसेल.

पैसे मागायला गेलो तेव्हा ‘फी परत मिळणार नाही’वर बोट ठेवलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून फोन गेल्यावर साहेबांनी मला ५,००० रुपये ‘माणुसकीखातर’ देऊ केले, मी घेतले नाहीत. पुढे लेखी नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. लोक उगाच घाबरतात, म्हणून सांगतो : २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

आता त्याच नंबरवरून, नवीन नावाने ‘अंदमान स्पेशल’ फिरतंय. त्यात लिहिलंय, ‘जॉली बॉय बेटावर स्कुबा लायसन्स’. जॉली बॉय हे वंडूरच्या त्या नॅशनल पार्कमधलं बेट. पर्यटक तिथे काचेच्या तळाच्या बोटीसाठी आणि स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे पाण्यावरच तरंगत नळीने श्वास घेऊन खाली बघायला, जातात. डायव्हिंगची सेंटरं मुख्यतः स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर. त्याहून भारी शेवटचा दिवस : सकाळी डाइव्ह, दुपारी पोर्ट ब्लेअरहून, आताच्या श्री विजयपुरमहून, विमान. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह झाले असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, हे डायव्हिंगमधलं अगदी पहिल्या धड्यातलं. ज्याने हा कार्यक्रम छापला त्याने तो धडा वाचलेला नाही.

कोणाचं पोरगं जाणार असेल तर पैसे देण्याआधी त्यांना प्रशिक्षकाचा नंबर मागा आणि तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. आरोग्याचा फॉर्म आत्ता पाठवा म्हणा. कोणत्या सेंटरमध्ये कोर्स होणार ते विचारून त्या सेंटरला आपणच फोन लावा. अकॅडमीवाला जोडून देतो तो फोन नको. आमच्याकडून ऐकून हे विचारल्यावर एका पालकाला ग्रुपमधूनच काढून टाकलं, आणि त्याचे पैसे वाचले.

ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, जाहिराती काहीच डिलीट करू नका. एकसारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्रही जाता येतं, आमच्या बॅचमधले तिघे तयार झालेत. जुलैच्या बॅचचं पोस्टर त्यांनी ग्रुपवरून काढलं होतं, पण पुतण्याच्या फोनच्या गॅलरीत ते राहिलं. तक्रारीला जोडलेला पहिला कागद तोच आहे. दुसरा, डॉक्टरचं दम्याचं पत्र. तिसरा, त्याचं सर्टिफिकेट.