आयपी ६७ चा ठसा, आत पाणी आणि ५३,५४२ रुपये

पॉवर अ‍ॅनालायझर, डेटा लॉगर, इन्सुलेशन टेस्टर असली यंत्रं मिरगाच्या आधी पेट्यांत घालू पाहणाऱ्यांनी हे वाचावं. आम्ही वास्कोसाठी बेळगावहून आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरू देण्याचं मानांकन) म्हणून पेट्या मागवल्या आणि फसलो. सहा पेट्या, दर ७,४००, म्हणजे ४४,४००. जीएसटी ७,९९२, वाहतूक १,१५०. निम्मे आगाऊ, उरलेले २६,७७१ बिल्टीचा, म्हणजे माल वाहतुकीला दिल्याच्या पावतीचा, फोटो आल्यावर.

आम्हाला भोळे म्हणायची घाई करू नका. जीएसटी क्रमांक पोर्टलवर चालू दिसत होता. नमुन्याची पेटी अस्सल होती: जाड पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिक, खाचेत अखंड ओ-रिंग (पाणी अडवणारं सीलचं कडं), स्टेनलेस पिना. लॉट आला तो पातळ एबीएस प्लॅस्टिकचा. ओ-रिंगच्या जागी फोमची चिकटपट्टी, कोपऱ्यात टोकाला टोक भिडवलेली. पाणी शिरतं ते तिथूनच. बिजागरीच्या पिना मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, म्हणजे वास्कोच्या खाऱ्या हवेत गंज ठरलेला. आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा करणारा प्रेशर व्हॉल्व्ह म्हणजे नुसतं बटण, मागे भोकच नाही.

आणि बिल्टी! नमुना ३.२ किलोचा, म्हणजे सहांचे १९.२. बिल्टीवर खोक्यासकट १४ किलो. आकडा ढळढळीत समोर होता आणि त्याच फोटोवर दुसरा हप्ता सुटला. हे अजून गिळवत नाही. दुसरी खूण त्याहून सोपी. बेळगावच्या उंचीवरून घाट उतरून आलेली पेटी, व्हॉल्व्ह बंद असताना खरोखर हवाबंद असती, तर बाहेरच्या वाढलेल्या दाबाने झाकण घट्ट बसलं असतं. ही एका बोटाने उघडली.

पेटी तपासायची तर कागदाची पट्टी झाकणात अडकवून चारही बाजूंनी ओढा. सहज निसटली की सील दाबलं जात नाही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, पाइपाचा फवारा नव्हे. वीस लिटरची पेटी बुडवायला वीस किलोच्या आसपास वजन लागतं, तेव्हा टाकी आणि वाळूच्या पिशव्या तयार ठेवा. आत यंत्र नको, टिश्यू पेपर ठेवा. केबलसाठी भोक पाडून देतो म्हणणाऱ्याला विचारा, त्यानंतरच्या आयपीचा चाचणी अहवाल कुठाय?

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात उत्तर, ‘माल मिळालाय ना? मग दिवाणी बाब.’ सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक म्हणून जावं तर धंद्यासाठीची खरेदी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येबाहेर. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार असेल तरच सूट, आणि तेही सिद्ध करा. बँक म्हणते, एनईएफटी परत फिरत नाही. कर खात्यात सांगितलं, कर भरला असेल तर आमचा प्रश्नच नाही. प्रत्येक खिडकीवर अर्ज घेतात, पोच मात्र मागून घ्यावी लागते, आणि ‘पेटीत पाणी शिरलं’ हे ऐकून हसतात. आत भिजलेला अ‍ॅनालायझर त्यांच्या पगारातून जाणार असता तर हसले असते?

उरलेली रक्कम माल उघडून, तोलून झाल्यावरच द्या. करारात ‘नमुन्याप्रमाणे’ एवढंच नको. वजन, प्लॅस्टिक, सीलचा प्रकार लिहून घ्या. नमुना परत करू नका, तोच पुरावा.

विक्रेता अजून त्याच अस्सल पेटीचे फोटो टाकतोय. भाव आता ६,९००.